गाडी ओळख विचारू लागली तेव्हापासून

१९८७ साली वडिलांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. रात्री गाडी लावली की ते बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या क्लिपा काढायचे, आतला रोटर खिशात टाकायचे आणि मगच जिना चढायचे. रोटर नसला की प्लगांपर्यंत करंट पोचत नाही. मग कुणी कितीही सेल्फ मारू दे. किल्लीवर त्यांचा भरवसा नव्हता आणि ते बरोबरच होतं. आमची झिजलेली किल्ली इमारतीतल्या दुसऱ्या पद्मिनीलाही लागायची.

पुढे मारुती ८०० आली, तिच्याबरोबर गिअर लॉक आलं आणि सीटखाली लपवलेला चोर स्विच आला. हा स्विच दाबल्याशिवाय इग्निशनचा करंट पुढे जायचा नाही. कल्पना चांगली होती, काम मात्र बहुतेक वेळा वाईट व्हायचं. वायर कापायची, पिळा द्यायचा, वर टेप गुंडाळायची. दोन पावसाळ्यांत तो जोड काळा पडायचा आणि गाडी भर रस्त्यात बंद पडायची. माझ्या पाहण्यात या स्विचांनी चोरांपेक्षा मालकांनाच जास्त वेळा अडवलं. आजही नव्या गाडीत बाहेरून अलार्म बसवताना कंपनीची वायर कापली जाताना दिसली की मी तिथेच थांबवतो.

तोवर परदेशात किल्लीच बदलत होती. अमेरिकेत १९८६च्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या किल्लीत एक बारीक रेझिस्टर बसवला होता. तो ठरावीक ओहमचा असेल तरच गाडी सुरू होई. पण अशा किल्ल्यांचे प्रकार होते फक्त १५. खरा बदल चिपने केला. युरोपीय संघाने १९९८पासून नव्या मोटारींना चिप ओळखूनच इंजिन सुरू होऊ देणारा इलेक्ट्रॉनिक इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या आकडेवारीचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना त्यामुळे गाडीचोऱ्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. कार्ब्युरेटर जाऊन इंजिनाचा कारभार ईसीएम या संगणकाकडे गेल्यावर आपल्याकडच्या साध्या गाड्यांतही इमोबिलायझर रुळला.

त्याचं काम समजून घेतलं की निम्मी भीती जाते. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. किल्ली भोकात घालून फिरवली की भोकाभोवतीची तारेची कडी साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते. त्यातूनच चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ती पटली तर ईसीएम पेट्रोल आणि ठिणगी देतो, नाहीतर देत नाही किंवा क्षणात तोडतो. दार उघडणारा रिमोट त्याच मुठीत असतो, पण तो वेगळा. त्याचा सेल संपला म्हणून अशा किल्लीच्या गाडीचं इंजिन अडत नाही. ही गल्लत मी गॅरेजांतही ऐकली आहे.

चिपबद्दलच्या अज्ञानाचा फटका मीही खाल्ला आहे. २००८च्या जून महिन्यात रत्नागिरीला निघालो होतो. पोलादपूरला चहा घेऊन परत येऊन बसलो, तर सेल्फ ठणठणीत लागतोय, इंजिन क्षणभर धरतंय आणि विझतंय. गाडी ओढत गॅरेजला नेली. पेट्रोल पंप गेला असं निदान झालं, पंप बदलला, पैसे दिले, आणि गाडी तशीच. संध्याकाळी एक वयस्कर वायरमन आला. त्याने बॉनेटला हात लावला नाही. आधी डॅशबोर्डवरचा किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकताना पाहिला, मग माझा जुडगा पाहिला. त्या सकाळीच मी जादाची किल्ली "राहू दे सोबत" म्हणून त्याच कडीत अडकवली होती. दोन चिपा शेजारी शेजारी असल्या की एकीचं बोलणं दुसरीत मिसळतं. त्याने एक किल्ली काढून माझ्या हातात दिली, आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी तो दिवा पाहायचा. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांत विझला, तर गाडीने ओळखलं आहे. मग पेट्रोल, प्लग, पंप तपासा. लुकलुकत राहिला, तर किल्ली जुडग्यातून सुटी करून पाहा, मग दुसरी लावून पाहा. दुसरीने लागली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्हींनी नाही, तर भोकाभोवतीची कडी किंवा तिची वायर तपासायची. सेल्फच रडतखडत फिरत असेल, तर बॅटरी आधी. व्होल्टेज फार खाली गेलं की काही गाड्यांत चिप वाचलीच जात नाही. आणि पावसाळ्यात रात्री उगाच अलार्म वाजू लागला तर बॉनेटच्या कडेचा छोटा स्विच पाहावा. तो गंजला की गाडीला बॉनेट उघडल्याचा भास होतो.

कुलूप घडवणारे आणि फोडणारे मात्र थांबले नाहीत. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लाखो किल्ल्यांतली एक चिप फोडून दाखवली. तिचं गुपित फक्त ४० बिटांचं होतं. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी खिशातल्या फॉबचा, म्हणजे किल्ली न घालता गाडी सुरू करणाऱ्या रिमोटचा, सिग्नल पुढे पोचवून आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांची दारं उघडली आणि इंजिनंही सुरू केली. फॉब घरात, गाडी रस्त्यावर, आणि गाडीला वाटतं मालक शेजारीच उभा आहे. म्हणून मी फॉब रात्री दारापासून लांब, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. डबा गाडीशी नेऊन, दार उघडत नाही ना, हे एकदा पाहून घेतलं आहे. उलट फॉबचा सेल संपला तर घाबरायचं कारण नाही. आत लपवलेली पात्याची किल्ली दार उघडते आणि फॉब स्टार्ट बटनाला टेकवला की बहुतेक गाड्या सुरू होतात.

चिपच नसली तर काय होतं, तेही अमेरिकेत दिसलं. २०१५च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता, ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्क्यांना. काही वर्षांनी पोरांनी त्यांच्याच चिप नसलेल्या गाड्या यूएसबीच्या टोकाने सुरू करून पळवल्या.

गेल्या वर्षी मुलीसाठी वापरलेली गाडी घेतली. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली. दुसरी हरवली म्हणाला. पैसे देण्याआधी मी स्कॅनर लावून घेतला. गाडीच्या नोंदीत तीन किल्ल्या निघाल्या. नवी किल्ली करून घेतली, जुन्या सगळ्या नोंदी पुसायला लावल्या आणि हातातल्या दोनच पुन्हा शिकवल्या. उरलेल्या दोन किल्ल्या कुणाच्या कपाटात आहेत ते मला कळलं नाही. दार कदाचित अजूनही उघडतील, म्हणून पुढच्या आठवड्यात दाराचं कुलूपही बदललं.