एमटीएनएलचा ताळेबंद वाचताना

मार्च २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात महानगर टेलिफोन निगमने, म्हणजे एमटीएनएलने, दिल्ली आणि मुंबई मिळून आपल्या सेवांतून कमावले सुमारे ७२८ कोटी रुपये. त्यात घरगुती लँडलाइन, ब्रॉडबँड, मोबाइल, बँका-कचेऱ्यांना दिलेल्या खास लाइन असे सगळे आले. त्याच वर्षी कर्जावरच्या व्याजाचा खर्च अडीच हजार कोटींच्या वर गेला आणि तोटा ३,३०० कोटींच्या आसपास थांबला. धंद्यातून एक रुपया आला आणि तोटा झाला साडेचार रुपयांचा.

मुंबईत कुणालाही याचे कारण विचारले तर उत्तर तयार असते. सरकारी खाक्या, भरमसाट नोकरभरती, पावसाळा आला की मुकी होणारी लाइन, १९८ वर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहणे. यात खोटे काही नाही. पण गेल्या पंधरा वर्षांचे वार्षिक अहवाल ओळीने वाचले तर लक्षात येते की हे सगळे जमेस धरूनही ३,३०० कोटींचा हिशेब लागत नाही. ही रक्कम टेलिफोनच्या धंद्यात बुडालेली नाही. तिचा मोठा भाग २०१० साली एका सरकारी निर्णयाने कंपनीच्या खात्यावर आला आणि तेव्हापासून तो व्याजाने वाढतो आहे.

मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ साली. ते खासगी कंपनीचे होते. १९४३ मध्ये सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्या विकत घेतल्या आणि पुढची त्रेचाळीस वर्षे फोन हे सरकारी खाते राहिले. त्या काळाच्या खुणा मराठी घरांत अजून सापडतील. जुन्या लग्नपत्रिकेवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे ‘पीपी’ लिहिलेले असते, म्हणजे फोन शेजारच्यांकडे, निरोप आपल्याला. अर्ज केल्यापासून फोन येईपर्यंत मुलाचे शिक्षण आटपायचे. जास्त अनामत भरून रांगेत पुढे सरकण्यासाठी ओवायटी नावाची योजना होती, पण तिलाही रांग होती. जुनी क्रॉसबार एक्स्चेंज एकदा रुसली की अख्ख्या विभागाचे फोन राँग नंबरला लागत.

१ एप्रिल १९८६ रोजी दिल्ली आणि मुंबई ही दोन शहरे खात्यातून वेगळी काढून एमटीएनएल स्थापन झाली. परदेशी कॉलसाठीची व्हीएसएनएलही त्याच दिवशी सुरू झाली. कलकत्ता आणि मद्रास मात्र खात्याकडेच राहिले. वेगळी कंपनी काढण्यामागे एक साधा हिशेब होता. सरकारी खात्याला बाजारात रोखे विकता येत नाहीत, कंपनीला येतात. नवी डिजिटल एक्स्चेंज बसवायची तर पैसा हवा होता आणि तो अर्थसंकल्पातून पुरेसा मिळत नव्हता. म्हणजे कर्ज काढता यावे हे या कंपनीच्या जन्माच्या कारणांपैकी एक होते. आजचा ताळेबंद पाहताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा मात्र ते कर्ज सत्कारणी लागले. फ्रेंच तंत्राची ई-टेन-बी एक्स्चेंज आली, रांगा आटत गेल्या, नव्वदीच्या दशकात फोन मागितल्यावर मिळू लागला. १९९७ मध्ये कंपनी नवरत्न झाली, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिची नोंदणी झाली. पुढे ती तिथून बाहेर पडली हा भाग निराळा. त्या सुमारास वर्षाचा निव्वळ नफा हजार कोटींच्या पलीकडे जात असे. देशातल्या दोन सर्वांत श्रीमंत शहरांतली मक्तेदारी म्हटल्यावर यात व्यवस्थापनाचे कौतुक किती करायचे हा प्रश्नच आहे. तरी ही कंपनी कर्जमुक्त होती आणि हजारो कोटींची रोकड राखून होती.

मोबाइलमध्ये ती मुद्दलातच मागे पडली. मुंबईत १९९५ मध्ये मॅक्स टच आणि बीपीएल आले. एमटीएनएलची ‘डॉल्फिन’ सेवा सुरू व्हायला २००१ उजाडले. सहा वर्षांत खिशातला फोन म्हणजे खासगी कंपनीचा फोन हे समीकरण मुंबईकरांच्या डोक्यात पक्के झाले होते. पुढे ‘ट्रम्प’, ‘गरुड’ ही नावे आली नि गेली. आश्चर्य म्हणजे देशात थ्रीजी सर्वांत आधी आणली ती याच कंपनीने. डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत तिचे उद्घाटन झाले तेव्हा खासगी कंपन्यांच्या हातात थ्रीजीच्या लहरीसुद्धा नव्हत्या.

त्याच लहरींनी पुढे घात केला. सरकारी कंपन्यांना थ्रीजीचे स्पेक्ट्रम लिलावाआधी दिले गेले, पण अट अशी होती की लिलावात जो भाव निघेल तो त्यांनीही भरायचा. २०१० च्या लिलावात खासगी कंपन्या इरेला पेटल्या आणि सर्वांत चढे भाव निघाले ते दिल्ली आणि मुंबईलाच. एमटीएनएलकडे नेमकी हीच दोन शहरे. थ्रीजीचे ६,५६४ कोटी आणि ब्रॉडबँडच्या लहरींचे ४,५३४ कोटी, एकूण ११,०९८ कोटी रुपये. खासगी कंपनीला भाव परवडला नाही तर ती बोली सोडून उठू शकत होती. एमटीएनएल बोलीला बसलीच नव्हती, त्यामुळे उठण्याचा प्रश्नच नव्हता. साठवलेली रोकड गेली आणि उरलेल्यासाठी बँकांचे दार ठोठावावे लागले. २००८-०९ मध्ये दोनशे कोटींचा का होईना नफा दाखवणारी कंपनी २००९-१० मध्ये २,६०० कोटींच्या तोट्यात गेली. हे वर्ष लिलावाआधीच संपले होते आणि त्या तोट्यात मोठा वाटा पेन्शनच्या तरतुदीचा होता. २०१२-१३ पर्यंत हा आकडा ५,३०० कोटींवर पोचला.

मग २०१३-१४ चा अहवाल येतो आणि त्यात चक्क ७,८०० कोटींचा निव्वळ नफा दिसतो. टेलिफोनच्या धंद्यात त्या वर्षी काहीही नवल घडलेले नव्हते. पूर्वी दूरसंचार खात्यात असलेल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा भार सरकारने आपल्याकडे घेतला, म्हणून त्यासाठी बाजूला ठेवलेली तरतूद उलटवून नफ्यात धरली गेली. ब्रॉडबँडच्या लहरीही परत देण्याचे ठरले. त्यांचे ४,५३४ कोटी सरकारने रोख मोजले नाहीत. एमटीएनएलने तेवढ्या रकमेचे रोखे काढायचे आणि त्यांचे मुद्दल-व्याज सरकारने भरायचे, असा तो व्यवहार होता. नोंदी हिशेबशास्त्राच्या नियमाला धरून होत्या, पण लेखणीच्या एका फटक्यात तोटा आणि दुसऱ्या फटक्यात नफा दाखवणाऱ्या कंपनीच्या नफ्या-तोट्याकडे पाहून तिची तब्येत कळत नाही. पुढच्याच वर्षी तोटा २,९०० कोटींवर होता.

तब्येत कळते ती दोन ओळींवरून, पगार आणि व्याज. पगाराची ओळ भयंकर होती यात वाद नाही. २०१९ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार एमटीएनएलच्या उत्पन्नाचा ८७ टक्के भाग पगारावर जात होता. खासगी कंपन्यांत हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने बीएसएनएल आणि एमटीएनएलसाठी पुनरुज्जीवनाची योजना आणली. पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली आणि सुमारे १४,४०० जणांनी ती घेतली. ३१ जानेवारी २०२० रोजी ते सगळे एकदम बाहेर पडले. मागे राहिले चार-साडेचार हजार.

मुंबईच्या मध्यमवर्गीय मराठी जगात या संख्येला चेहरे होते. टेलिफोनमध्ये नोकरी म्हणजे बँक आणि रेल्वेच्या पंक्तीतली नोकरी. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बायका, खड्ड्यात उतरून शेकडो जोड्या रंगावरून ओळखून जोडणारे केबल जॉइंटर, एक्स्चेंजमध्ये सगळ्या तारा जिथे येतात त्या चौकटीवर, म्हणजे एमडीएफवर, काम करणारे, पिलर आणि डीपी बॉक्सची कुंडली तोंडपाठ असलेले लाइनमन. कामगार संघटनेचा दबदबा एवढा की दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत हेसुद्धा मूळचे एमटीएनएलचेच, संघटनेतून पुढे आलेले. एका जानेवारीत ही पिढी गेली आणि तांब्याच्या तारांचे जाळे कुठून कसे गेले आहे याचे ज्ञानही बरेचसे तिच्याबरोबर गेले. नकाशे कचेरीत होते, पण कुठल्या गल्लीत कुणाच्या ओट्याखाली जोड आहे हे नकाशात नव्हते. ताळेबंदात या नुकसानीला रकाना नाही.

पगाराचा वार्षिक खर्च मात्र २,२७२ कोटींवरून पाचशे कोटींवर येणार असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. म्हणजे सतराशे-अठराशे कोटींची बचत. माझ्या मते सगळ्या अहवालांतला सर्वांत बोलका भाग इथून पुढचा आहे. २०१९-२० चा तोटा होता सुमारे ३,७०० कोटी. पुढच्या वर्षी तो २,४६० कोटींवर उतरला. मग २,६००, मग २,९००, मग ३,३००. चार वर्षांत कंपनी जवळपास होती तिथेच परत आली, तेही पाव माणसांनिशी. एकीकडे उत्पन्न घसरत होते, दुसरीकडे पगारात वाचलेला पैसा व्याज गिळत होते. दुखणे फक्त माणसांचे असते तर ते २०२० मध्ये बरे व्हायला हवे होते.

मार्च २०२५ अखेर एमटीएनएलच्या डोक्यावर ३३,५६८ कोटींचे देणे होते. त्यातले २४,०७१ कोटी सरकारी हमीच्या रोख्यांचे. ८,३४६ कोटी बँकांचे, आणि ते थकलेले. सर्वांत मोठे देणे युनियन बँक ऑफ इंडियाचे, साधारण ३,६०० कोटी. मग इंडियन ओव्हरसीज, बँक ऑफ इंडिया, पंजाब नॅशनल, स्टेट बँक, युको, पंजाब अँड सिंध. उरलेले १,१५१ कोटी दूरसंचार खात्याकडून घेतलेले कर्ज आहे. ते कशासाठी, तर हमीच्या रोख्यांचे व्याज भरण्यासाठी. जूनपर्यंत हीच रक्कम १,८२८ कोटी झाली होती. कर्जाचे व्याज चुकवायला काढलेले हे कर्ज ताळेबंदात स्वतंत्र ओळीवर मांडलेले असते.

आता हे नातेसंबंध मांडून पाहावेत. कंपनीत ५६.२५ टक्के मालकी केंद्र सरकारची. लहरींचे पैसे गेले केंद्र सरकारला. कर्ज देणाऱ्या बँका सरकारी. रोख्यांना हमी सरकारची, आणि ठरलेल्या खात्यात मुदतीच्या दहा दिवस आधी कंपनीने पैसे भरले नाहीत तर ते भरायचे सरकारने. एकत्र कुटुंबातल्या भावांनी एकमेकांना लिहून दिलेल्या चिठ्ठ्या असाव्यात तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की बँकांत ठेवी लोकांच्या आहेत आणि कंपनीचे बाकीचे शेअर आयुर्विमा महामंडळ आणि सामान्य भागधारकांकडे आहेत. ग्राहक या सगळ्यात दिसतो तो फक्त त्या ७२८ कोटींच्या ओळीत.

कंपनीचे नक्त मूल्य उणे वीस हजार कोटींच्याही खाली गेले आहे. तरीही हिशेब ‘चालू संस्था’ या गृहीतावरच मांडले जातात, कारण पाठीशी सरकार आहे. खासगी कंपनी या अवस्थेत कधीच दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली असती. अनिल अंबानींची रिलायन्स कम्युनिकेशन्स गेली. तुलनेसाठी एअरटेलचे २०२४-२५ चे एकत्रित उत्पन्न १.७३ लाख कोटींच्या आसपास आहे, पण ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. तो आजही टेलिफोनचा धंदा आहे.

एमटीएनएलकडे विकण्याजोगे आहे ते जमिनीत. कंपनीने एक्स्चेंज बांधली तेव्हा प्रभादेवी, वांद्रे, गोरेगाव इथल्या जागांचे आजचे भाव कुणाच्या स्वप्नात नव्हते. खोलीभर यंत्रांचे काम आता कपाटाएवढ्या पेटीत होते, त्यामुळे मजलेच्या मजले मोकळे पडले आणि भाड्याने देणे हा बाजूचा धंदा राहिला नाही. २०२१ मध्ये गोरेगावची वसारी हिलची मालमत्ता सुमारे २७० कोटींच्या राखीव किमतीला आणि ओशिवऱ्यातले वीस फ्लॅट बावन्न लाखांपासून पुढे असे विक्रीला काढले गेले. आकडे ऐकायला मोठे आहेत. पण वसारी हिल पुऱ्या किमतीला गेली तरी त्या पैशांतून व्याज भागते जेमतेम सव्वा महिन्याचे.

बीएसएनएलमध्ये विलीन करण्याला २०१९ मध्येच तत्त्वतः मान्यता मिळाली होती. ते अडले या कर्जामुळेच, कारण बीएसएनएलने ते आपल्या अंगावर का घ्यावे याला उत्तर नव्हते. मधला मार्ग निघाला तो असा की मोबाइलचा कारभार आधीच बीएसएनएलकडे गेला होता, २०२५ च्या सुरुवातीपासून दोन्ही शहरांतल्या बाकीच्या सेवाही करार करून त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या. तार, ग्राहक, तक्रारी त्यांच्याकडे. कर्ज, जमिनी आणि शेअर बाजारातली नोंदणी एमटीएनएलकडे. विलीनीकरणाची किंवा जमीनविक्रीची कुजबुज झाली की हा शेअर अजूनही उसळतो. हमीच्या रोख्यांतले मोठे हप्ते २०३० पासून परतफेडीला येऊ लागतील, आणि तेव्हा मुद्दल भरणारे खाते कोणते असेल हे करारात आजच लिहिलेले आहे.