घोडा स्वतःचा, चाकरी कंपनीची

संपादकांचा निरोप साधा होता : ‘पूना हॉर्सवर लिहा, लढाया भरपूर आहेत.’ आहेतच. १८१७ च्या जूनमधल्या पुणे तहानं ईस्ट इंडिया कंपनीच्या या घोडदळाचा खर्च दुसऱ्या बाजीरावाच्या माथी मारला. सहा-सात महिन्यांतच, १ जानेवारी १८१८ ला, शिरूरहून आलेल्या कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनबरोबर यातले अडीच-तीनशे सवार कोरेगावात बाजीरावाच्याच फौजेसमोर उभे होते. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबला हाती लागलेलं चांदीच्या पंजाचं निशाण पूना हॉर्स अजून अभिमानानं बाळगते. पण मी अडकलो तो साध्या सवाराच्या जमाखर्चात.

कारण त्याचा घोडा सरकारी नव्हता. शिलेदारी आपल्याकडे जुनीच. घोडा, जीन, तलवार ज्याची त्यानं आणायची. कंपनीच्या रिसाल्यांत तिला असामीची, म्हणजे घोड्यासकट सवाराच्या जागेच्या हक्काची, जोड मिळाली. भरती होणाऱ्यानं घोडा आणायचा किंवा ठरलेली रक्कम भरायची, आणि चाकरी सुटली की ती परत घ्यायची. असामी विकता येई, वारशानं मिळे. एखाद्या रिसालदाराच्या नावावर कितीतरी असाम्या असत, मेलेल्या सवाराच्या विधवेकडेही एखादी राही. ज्याच्या गाठीला पैसा नाही तो बारगीर. तो दुसऱ्याच्या असामीवर स्वार व्हायचा आणि पगाराचा मोठा हिस्सा मालकाच्या हातावर ठेवायचा. सैन्यात भाडेकरू असतात हे मला तरी नवीन होतं.

पगार किती? बंगालच्या रिसाल्यांत १८५७ पूर्वी महिना २० रुपये. त्यात स्वतःचं पोट, घोड्याचा दाणा, नालबंद, कपडे, जीनसामान. गवतासाठी दोन सवारांत मिळून एक घासकाप्या आणि एक तट्टू. तट्टूवर भारा लादून तो दूरच्या माळावरून परते तेव्हा कुठे ठाणावरच्या दोन्ही घोड्यांपुढे वैरण पडे. तट्टू लंगडलं की दोघांचीही पंचाईत. त्यात घोडा पोटशूळानं रात्रीत गेला तर? मग सावकार. १८५७ च्या आधी पलटणीच पलटणी कर्जात बुडाल्या होत्या. पुढे चंदा निघाला : प्रत्येकानं दरमहा थोडे पैसे टाकायचे, आणि कुणाचा घोडा मेला की त्यातून नवा घ्यायचा. विम्याचाच प्रकार, फक्त एजंट घरी येत नसे.

मराठी शिलेदारांवर एक आरोप नेहमी होई, की घोडा जपण्यापायी ते गर्दीत घुसत नाहीत. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही. घराची सगळी पुंजी मांडीखाली घेऊन तोफेवर जायला सांगा कुणालाही. खुशाबला इराणी पायदळाचा चौकोन फोडला तो तिसऱ्या बॉम्बे लाइट कॅव्हलरीनं, आणि तिचे घोडे त्या काळी सरकारी होते. पण एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पूना हॉर्सचे सवारही त्याच मैदानात होते, आपापल्या घोड्यांवर.

खरी गोची पुढे झाली. घोडे महागले, असामी शेकड्यांत गेली. सगळ्यांचे कपडे, हत्यारं, तंबू एकसारखे हवेत म्हणून पलटणच घाऊक खरेदी करून सवाराच्या नावे टाकू लागली. कमांडिंग साहेब अर्धा दुकानदार झाला. पंजाबच्या कालव्यांच्या मुलखात काही रिसाल्यांनी जमिनी घेऊन घोड्यांची पैदास मांडली. प्रोबिन्स हॉर्सचं प्रोबिनाबाद त्यातलंच. शांततेच्या काळात हा संसार सरकारला स्वस्तात पडे, म्हणून कुणी हात लावला नाही. १९१४ मध्ये ३९ रिसाल्यांपैकी मद्रासकडचे तीन सोडले तर बाकी सगळे शिलेदारी होते.

मग पहिलं महायुद्ध : फ्रान्स आणि मेसोपोटेमिया. घासकाप्या आणि तट्टू तिथं काय करणार? घोडे इतके मरू लागले की चंदा पुरेना, आणि मागं राहिलेल्या डेपोंना रंगरूट तयार करून घोड्यांवर बसवून पाठवणं झेपेना. दाणा, वैरण, घोडे शेवटी सरकारनंच पुरवले. १९२१ च्या पुनर्रचनेत ३९ चे २१ रिसाले झाले. पूना हॉर्स आणि खुशाबची ती तिसरी लाइट कॅव्हलरी याच वेळी एकत्र आल्या, आणि असामी कायमची बंद झाली. आता भरतीला येताना ना घोडा लागे, ना थैली.