साध्या आधारावरील तुळईतील नमन परिबलाचे गणन

दोन्ही टोकांना केवळ टेकलेली तुळई भाराखाली वाकते. या वाकविणाऱ्या परिणामाचे माप म्हणजे नमन परिबल, अर्थात बेंडिंग मोमेंट होय. ४ मीटर लांबीच्या तुळईवर प्रतिमीटर १० किलोन्यूटन भार समान पसरलेला असल्यास एकूण भार ४० व प्रत्येक आधाराची प्रतिक्रिया २० किलोन्यूटन येते. मध्याच्या डावीकडील बलांचा विचार करता तेथील परिबल २० × २ − २० × १ = २० किलोन्यूटन-मीटर मिळते. तोच ४० किलोन्यूटन भार मध्यावर एकवटल्यास ते २० × २ = ४०, म्हणजे दुप्पट होते. म्हणून केवळ एकूण भारावरून तुळईची सुरक्षितता ठरविता येत नाही. भाराचे स्थानही निर्णायक असते. वाकताना तळाचा भाग ताणला जातो व काँक्रीट ताणास दुर्बल असते. यास्तव मुख्य सळ्या तळाशीच असणे आवश्यक ठरते.