जुन्या यंत्रांचे छांदिष्ट

छंद या शब्दाला आपल्या घरांतून फारशी प्रतिष्ठा नाही. मुलगा परीक्षेत मागे पडला की त्याच्या छंदावर खापर फुटते, आणि पन्नाशीचा गृहस्थ रात्री बारा वाजेपर्यंत जुना रेडिओ उघडून बसला तर त्याला 'नाद लागला आहे' असे म्हटले जाते. इंग्रजीत अशा माणसाला अलीकडे 'गीक' म्हणतात. हा शब्द अमेरिकेतल्या जत्रांमध्ये प्रचलित होता. तेथे जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखविणाऱ्या खेळियाला हे नाव होते. तेव्हा ही उपाधी मुळात शिवीच होती. आज लोक ती कौतुकाने मिरवितात. आम्ही आपला 'छांदिष्ट' हा शब्द वापरू. त्यात कोंबडी नाही.

पुण्याला छांदिष्टांचे वावडे कधीच नव्हते. दिनकर गंगाधर केळकर यांचे चष्म्यांचे दुकान होते, 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत, आणि १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करण्याचे वेड लागले. तलवारी आणि नाणी जमविणारे संग्राहक पुष्कळ होते. केळकरांनी जमविले ते अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, कुलपे, दरवाजे! ज्या वस्तू लोक मोडीत घालीत होते त्या त्यांनी खेडोपाडी हिंडून आणल्या. पुढे तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, आणि शुक्रवार पेठेतील त्या वास्तूला त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव आहे. कर्वे रस्त्याच्या परिसरात जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये उघडले. सिग्नल, बोगदे, वाफेची इंजिने आणि विजेच्या गाड्या यांचे ते गावच्या गाव एका माणसाच्या नादातून उभे राहिले आहे.

परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते याहून नव्या जुनेपणाविषयी. अडकित्ता शंभर वर्षांनी जुना होतो. संगणक दहा वर्षांत होतो. १९८० च्या दशकातील घरगुती संगणक आणि त्यांवरचे खेळ आज पुन्हा चालते करण्याच्या मागे जगभर हजारो माणसे लागलेली आहेत. त्यांत आमच्या शहरातील मंडळीही आहेत. हे बालपणाचे कढ आहेत, असे म्हणून लोक हसतात. थोडे कढ असतातही, ते आम्ही नाकारीत नाही. पण त्यापलीकडे काय आहे ते आमच्याच घरातील एका कॅसेटवरून सांगतो.

इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. पुढे त्याचे नवे रूप 'स्पेक्ट्रम प्लस' आले, आणि डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन ते आपल्या देशात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकले. या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता; घरातला दूरदर्शन संच हाच त्याचा पडदा. स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे ४९,१५२ बाइट. मराठीतले एक अक्षरचिन्ह साठवायला आजच्या पद्धतीने तीन बाइट लागतात, तेव्हा आमच्या या एका व्याख्यानाने त्या संगणकाची जवळजवळ निम्मी जागा अडली असती. एवढ्या जागेत त्या काळचे लोक बुद्धिबळ, विमानोड्डाण आणि राक्षसांनी भरलेले वाडे बसवीत असत. चैन करायला जागा नसली की माणूस कसा नेटका होतो, हे पेठेतल्या दोन खोल्यांत संसार केलेल्यांना सांगायला नको.

आज्ञावली साठविण्याचे साधन म्हणजे गाण्यांची साधी कॅसेट. संगणक आपले एक आणि शून्य आवाजाच्या रूपाने टेपवर नोंदवी. शून्यासाठी आखूड स्पंद, एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचा. दर सेकंदाला सुमारे दीड हजार अशा गतीने ते परत वाचले जात, आणि मोठा खेळ यंत्रात उतरायला चार-पाच मिनिटे लागत. त्या वेळी जो किर्रर्र आवाज होई तो ऐकून आमच्या आजीला वाटे, रेडिओ बिघडला. हॉलंडमध्ये तर नभोवाणीवरून असे आवाज प्रक्षेपित करून श्रोत्यांना घरबसल्या आज्ञावली पोचवीत असत.

आमच्या थोरल्या बंधूंनी, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, १९८८ च्या मे महिन्याच्या सुट्टीत या संगणकावर सारीपाट लिहिला. यंत्र त्यांच्या मित्राचे होते, सुट्टीपुरते उसने आणलेले. सुट्टी संपली, यंत्र परत गेले, एक कॅसेट उरली. पुढे नऊ वर्षांनी दादा गेले. कॅसेट माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिली, आणि माळा साफ करण्याच्या निमित्ताने ती २०१९ मध्ये आमच्या हाती आली. फितीवर पांढरी बुरशी धरलेली होती.

कॅसेट वाजवायला टेपरेकॉर्डर हवा. तो जुन्या बाजारात मिळाला. आतला रबरी पट्टा वितळून काळा गोंद झाला होता. नवा पट्टा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत मिळाला. दुकानदाराने 'कशाला लागतो?' असे विचारले, आणि आम्ही सांगितल्यावर त्याने पैसे कमी घेतले. फीत नव्या डबीत घातली, षट्कोनी पेन्सिलीने हलक्या हाताने उलटसुलट गुंडाळून बुरशी पुसली. आवाज तरीही बोदाच येई. तेव्हा एका छांदिष्ट मित्राने हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू दाखविला. त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या टेपरेकॉर्डरवर नोंद झाली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर वाचणाऱ्याचेही तितकेच तिरके करावे लागते. स्क्रू पाव वळसा फिरविला आणि आवाज लखलखीत झाला.

हा आवाज आजच्या संगणकात उतरवून घेतला. आता प्रश्न तो चालवायचा कशावर? मूळ यंत्र आमच्यापाशी नव्हते. येथे छांदिष्टांची मोठी कामगिरी उपयोगी पडते. त्यांनी आजच्या संगणकासाठी अशी आज्ञावली लिहिली आहे की ती जुन्या यंत्राचे सोंग घेते. स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे 'झेड ८०' नावाची चकती. तिला प्रत्येक हुकूम एका अंकाने दिला जाई. सोंग घेणारी आज्ञावली तो अंक वाचते, मूळ चकतीने जे केले असते तेच करते, आणि पुढच्या अंकाकडे वळते. मूळ चकतीची नाडी सेकंदाला पस्तीस लाख ठोके पडे; आजच्या खिशातल्या फोनला हे सोंग घेताना घामही येत नाही. मात्र सोंग तंतोतंत हवे. नटाने राजाचा मुकुट घातला आणि चालला स्वतःसारखा, तर खेळ फसतो. काही जुने खेळ यंत्राच्या खोडींवरच बेतलेले होते. म्हणून खोडींसकट नक्कल करावी लागते.

आमचा खेळ उतरायला लागला आणि मध्येच थांबला. पडद्यावर ओळ आली: 'आर टेप लोडिंग एरर'. त्या काळी ही ओळ पाहून मुले रडत असत. आम्हीही त्या दिवशी फारसे बोललो नाही.

हरवले होते ते फितीवरचे पाव मिलिमीटर. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, आणि तेवढ्या वेळात साधारण एकशे नव्वद बाइट वाचले जातात. म्हणजे एका बाइटाच्या वाट्याला पाव मिलिमीटर. तेवढाच बुरशीचा ठिपका होता. पण स्पेक्ट्रमची एक खुबी आहे. प्रत्येक खंडाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. वाण्याच्या यादीतला एकच आकडा पुसला गेला आणि खालची बेरीज शाबूत असली, तर पुसलेला आकडा आपण वजाबाकीने काढतो. तसाच हा हिशेब. एकच बाइट गेला असेल आणि त्याची जागा ठाऊक असेल, तर तो हमखास परत मिळतो. दोन गेले तर नाही. आमचा एकच गेला होता. त्या मित्राने कागदावर मांडणी करून तो काढला आणि खेळ उघडला.

आता थोडे विषयांतर. सर्वांचे नशीब असे नसते. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले फारच थोडे आज उरले आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ मध्ये पडद्यावर आला. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. चांदी काढण्यासाठी फिती विकल्या गेल्या, काही जळाल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून गावोगावची रिळे गोळा केली. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून 'कालिया मर्दन'ची रिळे त्यांनीच मिळविली. नायर हे नोकरीने अधिकारी असले तरी वृत्तीने छांदिष्ट होते. तरीही जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गुदामाला आग लागून अनेक नायट्रेट फिती नष्ट झाल्या. नायट्रेटची फीत पेटली की पाण्याखालीही विझत नाही. कॅसेट अशी पेटत नाही, हे खरे. ती मुकाट्याने मुकी होते.

खेळांच्या बाबतीत एक कायद्याची अडचणही आहे. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. संगणकाची आज्ञावली मात्र साहित्यकृती मानली जाते आणि तिचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. चुंबकीय फीत इतकी वर्षे जगणार नाही. कित्येक खेळांच्या कंपन्या बुडाल्या, हक्क कोणाकडे गेला हे कोणास ठाऊक नाही, आणि परवानगी मागायची तर दारच सापडत नाही. हक्क बुडवावा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. परंतु मालक सापडत नसलेली वस्तू कुजू द्यावी, हा न्याय आम्हांला पटत नाही. समंजस मालकही असतात. सिंक्लेअरचा संगणकाचा व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने घेतला, आणि १९९९ मध्ये तिने यंत्रातील मूळ आज्ञावली असे सोंग वठविण्यासाठी वापरायला मोकळीक दिली. ती दिली नसती तर आमची कॅसेट किर्रर्र करीतच राहिली असती.

आता दादांचा सारीपाट. स्पेक्ट्रमच्या पडद्याचे ३२ उभे आणि २४ आडवे असे चौकोन पडतात, आणि एका चौकोनात दोनच रंग मावतात, एक आकृतीचा व एक पाठीमागचा. दोन वेगळ्या रंगांच्या आकृत्या एकाच चौकोनात शिरल्या की रंगांची खिचडी होई. मोठमोठ्या खेळांनाही हा दोष लागलेला दिसतो. सारीपाटाची प्रत्येक पट्टी आठ घरे लांब आणि तीन घरे रुंद. आठ, मधले तीन, पुन्हा आठ, एकूण एकोणीस. दादांनी एक घर म्हणजे एक चौकोन धरला आणि अख्खा पट पडद्यावर बसविला. दोन शत्रूंच्या सोंगट्या एका घरात राहतच नाहीत, एक मारली जाते. त्यामुळे रंग मिसळण्याचा प्रश्नच उरला नाही. यंत्राची खोड आणि पटाचा नियम त्यांनी असे जुळविले होते. आम्ही शेजारी बसून खेळत होतो, आम्हांला तेव्हा यातले काही कळले नव्हते.

दुसरी गोष्ट आज्ञावली वाचताना सापडली. फाशांऐवजी त्यांनी सहा कवड्या घेतल्या होत्या. कवडी उताणी पडेल की पालथी, यासाठी यंत्राकडून यदृच्छ आकडा मागवावा लागतो. कोणीही अर्धा-अर्धा हिशेब धरला असता. दादांनी अर्ध्याच्या जागी एक वेगळाच अपूर्णांक घातला होता. आम्हांला ती चूक वाटली. वरच्या ओळीत, यंत्र जिच्याकडे लक्ष देत नाही अशा टिपणीच्या ओळीत, रोमन अक्षरांत मराठी लिहिले होते: आईच्या कवड्या, शंभर वेळा टाकून. कवडीची पाठ फुगीर आणि तोंड सपाट, ती दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही. त्या कवड्या देवघरातल्या डबीत आजही आहेत. आम्ही त्या शंभर वेळा टाकून पाहिल्या. दादांच्या आकड्याच्या अगदी जवळ आलो.

तेव्हा आमच्या घरी कृष्णधवल दूरदर्शन संच होता. दादांनी लाल, हिरव्या, पिवळ्या आणि काळ्या सोंगट्यांचे रंग आकड्यांनी लिहिले, पण पडद्यावर आम्हां सर्वांना दिसल्या त्या करड्या रंगाच्या चार छटा. कोणती सोंगट कोणाची यावरून रोज भांडण होई. २०१९ मध्ये खेळ उघडला तेव्हा पट निळ्या जमिनीवर आला, मधले घर पांढरे, आणि सोंगट्या आपापल्या रंगांत. आईने लाल घेतल्या.