शोकेसमधलं सोव्हिएत रॉकेट

जुन्या बाजारात धुराच्या उंच, निमुळत्या झोतावर चढलेलं इवलंसं रॉकेट दिसलं, तर ते बहुधा मॉस्कोच्या अंतराळविजेत्यांच्या स्मारकाची प्रतिकृती. १९६४ मध्ये उभं राहिलेलं मूळ स्मारक १०७ मीटर उंच, टायटॅनियमने मढवलेलं.

उरणकरांच्या शोकेसमध्ये ते हक्काने शोभेल! मुंबई हाय या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्राचा माग १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजावरच्या सर्वेक्षणातच लागला. तिथला वायू आज उरणला उतरतो.

जाणकार आधी बूड पाहतात. किंमत सोव्हिएत सरकारच ठरवी, त्यामुळे ती रुबल-कोपेकमध्ये अनेकदा थेट मालावरच उमटवलेली असे. असा ठसा म्हणजे सोव्हिएत काळाची मोठी खूण, पण तो नसला म्हणून वस्तू लगेच नकली ठरत नाही.

आणि हो, चकाकीसाठी चिंचेने घासू नका. मूळ झिलई गेली की गेली.