बर्गन: सुक्या कॉडवर मोठं झालेलं शहर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनचं एक छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेलं असतं. बंदराकाठी लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची रांग आणि प्रत्येक घराला त्रिकोणी माथा. खाली पुष्कळदा ओळ असते: ‘व्हायकिंगांचं शहर’. ही ओळ चुकीची आहे. व्हायकिंगांचा काळ साधारण १०६६मध्ये संपला असं मानतात आणि बर्गन वसल्याचं परंपरेने मानलेलं वर्ष आहे १०७०. हे शहर वाढलं ते मासळीच्या व्यापारावर.

ती मासळीही बर्गनची नव्हे. पार उत्तरेला लोफोटेन बेटांजवळ हिवाळ्यात कॉड मासा पकडतात आणि लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात सुकवतात. मीठ अजिबात लावत नाहीत. लाकडासारखा कडक झालेला हा मासा वर्षानुवर्षं टिकतो. तो जहाजांनी बर्गनला यायचा आणि परतीच्या जहाजांतून उत्तरेकडे धान्य जायचं. हा व्यवहार नॉर्वेजियन व्यापाऱ्यांच्या हातात होता, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात शतकानुशतकं तो जर्मनांच्या मुठीत होता. ल्युबेकसारख्या शहरांच्या हान्सा संघाने १३६०च्या सुमारास इथे वखार घातली, ती १७५४पर्यंत चालली. वखारीत फक्त पुरुष राहत आणि तिथे असेपर्यंत त्यांना लग्नाची मुभा नव्हती. छायाचित्रातली ती रांग, म्हणजे ब्रिगेन, ही त्यांचीच वस्ती.

मग ती घरं तरी मध्ययुगीन असतील? तीही नाहीत. १७०२च्या आगीत ब्रिगेन जळून खाक झालं आणि आजची बहुतेक घरं त्यानंतर उभी राहिली. पण बांधणाऱ्यांनी जुनेच भूखंड, जुन्याच गल्ल्या आणि जुनीच पद्धत ठेवली. म्हणून युनेस्कोने १९७९मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो या टिकून राहिलेल्या मांडणीलाही आहे. समोरून फोटो काढून परत फिरणाऱ्यांना ती कळत नाही. दोन घरांमधल्या बोळात शिरावं. पायाखाली लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना एकमेकींकडे कललेल्या भिंती, वर सज्जे आणि माल चढवायच्या कप्प्या. या घरांत विस्तव पेटवायला मनाई होती. स्वयंपाक आणि शेकोटी मागच्या वेगळ्या इमारतींत, त्यामुळे उत्तरेच्या थंडीतही माणसं बिनविस्तवाच्या खोल्यांत झोपत.

१९५५मध्ये पुन्हा आग लागली आणि रांगेतला मोठा भाग गेला. त्या राखेखाली आस्बयोर्न हेर्टेइग यांनी वर्षानुवर्षं उत्खनन केलं. हाती लागलेल्या वस्तूंत रून लिपीतले सुमारे ६७० लेख होते. रून म्हणजे व्हायकिंगांची गूढ, मंत्रतंत्राची लिपी, ही समजूत या लेखांनी मोडून काढली. मालावर बांधायच्या मालकाच्या नावाच्या चिठ्ठ्या, व्यापारी निरोप, प्रेमाच्या ओळी, सगळं लाकडावर कोरलेलं. एका काडीवर तर गिडा नावाची बाई कुणाला तरी ‘घरी ये’ म्हणून बजावते आहे. चौदाव्या शतकापर्यंत साधी माणसं ही लिपी रोजच्या कामाला वापरत होती. मला बर्गनमधलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. ते पाहायला ब्रिगेन संग्रहालय चुकवू नका.

हवामानाविषयीही असेच गैरसमज आहेत. ६० अंश उत्तर म्हणजे सगळं गोठलेलं, ही कल्पना सोडा. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे बंदर गोठत नाही आणि जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या थोडं वरच राहतं. खरा प्रश्न पावसाचा. वर्षाचा पाऊस जवळपास मुंबईइतकाच, पण मुंबईत तो चार महिन्यांत कोसळतो आणि इथे दोनशेहून अधिक दिवसांत वाटून पडतो. त्यातल्या त्यात मे-जून कोरडे. वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, चांगला रेनकोट न्या. मध्यरात्रीचा सूर्यही इथे दिसत नाही, कारण बर्गन आर्क्टिक वृत्ताच्या बरंच खाली आहे. जूनमध्ये अकराच्या सुमारास सूर्य मावळतो, एवढंच.

बंदरात उतरलं की समोर फियॉर्ड, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. गाजलेले फियॉर्ड शहरापासून दूर आहेत. आपल्या कोकणातल्या खाड्या नद्यांच्या खोऱ्यांत समुद्र शिरून झाल्या, फियॉर्डही खाड्याच, पण हिमनद्यांनी कोरलेल्या. म्हणून दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा सोग्नेफियॉर्ड आत १,३०० मीटरपेक्षा खोल आहे आणि मुखाशी मात्र बराच उथळ. त्याचा नेरॉयफियॉर्ड हा फाटा एका ठिकाणी जेमतेम २५० मीटर रुंद आहे. तिथे जायला बर्गनहून रेल्वेने मिरडाल, तिथून डोंगर उतरणाऱ्या गाडीने फ्लॉम, मग बोटीने गुडवांगेन, बसने व्हॉस आणि पुन्हा रेल्वे. पूर्ण दिवस जातो.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, चलन क्रोन आहे. शेंगेन व्हिसा मात्र चालतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

सहल कंपनीने बर्गनला अर्धाच दिवस दिला असेल, तर पैसे भरण्याआधी तो बदलून मागा. शहराला एक दिवस आणि फियॉर्डला एक, याहून कमी घेऊ नका.