एकशे सहा टक्के म्हणजे किती?

२०२५च्या मे अखेरीस हवामान खात्याने १०६ टक्के पावसाचा अंदाज दिला. असा आकडा आला की आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्यासारख्या कोरडवाहू गावात त्याचा अर्थ ‘पाऊस पक्का’ असाच लावला जातो. पण हा टक्का खात्रीचा नाही, सरासरीचा आहे. १९७१ ते २०२० या काळात जून ते सप्टेंबर देशभर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस झाला. त्याच्या १०६ टक्के म्हणजे साधारण ९२ सेंटिमीटर, आणि त्यातही चार टक्के कमी-जास्त धरायचे. प्रत्यक्षात १०८ टक्के झाला. अंदाज बरोबर आला म्हणायचा. तरीही त्याच सप्टेंबरात भीमेला पूर आला आणि कलबुर्गी, सोलापूर, धाराशिवची उभी पिकं पाण्यात गेली. चार महिन्यांची बेरीज जुळली म्हणून तूर वाचत नाही.

दुसरी गफलत आपल्या भागाची खास. आळंद तालुका हवामान खात्याच्या लेखी ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’. शेजारचं अक्कलकोट ‘मध्य महाराष्ट्र’, तर उमरगा ‘मराठवाडा’. गावात बातम्या मराठी चॅनलवर बघायच्या आणि मराठवाड्याचा अंदाज आपला समजून चाढ्यावर मूठ धरायची, हे सर्रास चालतं. आणि १०६चा आकडा तर यांपैकी कुणाचाच नाही, तो अख्ख्या देशाचा.

प्रदेशवार अंदाजाचा नकाशाही खातं देतं, मात्र तो शक्यतांचा असतो. कुठे सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता अधिक, कुठे कमी पावसाची, हे त्यात रंगांनी दाखवतात. जमिनीवरचा पांढरा पट्टा बघून कुणी ‘इथे कोरडं’ म्हणतो, कुणी ‘इथे नॉर्मल’. दोन्ही चूक. पांढरं म्हणजे कमी, सरासरीइतका आणि जास्त, या तिन्ही शक्यता सारख्याच.

केरळात मान्सून लवकर आला की वर्ष चांगलं, हाही असाच एक समज. २००९ साली तो २३ मेलाच केरळात पोचला होता. हंगाम संपला तेव्हा देशात जेमतेम ७८ टक्के पाऊस होता.

एल निनोची धास्ती मात्र अगदीच खोटी नाही, फक्त ती सरसकट नको. १९९७ला एल निनो जबरदस्त होता, पाऊस १०२ टक्के झाला. २००२चा त्यामानाने मध्यम, पण जुलैने अशी दडी मारली की हंगाम ८१ टक्क्यांवर आटोपला. तेव्हा वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८पासून वापरात आलेलं सोळा घटकांचं प्रारूप तोंडघशी पडलं, आणि पुढच्याच वर्षी खात्याने पद्धत बदलली. ‘खातं नेहमीच चुकतं’ म्हणणारे अजून त्याच सालाचा दाखला देतात. २०२१पासून अनेक जागतिक प्रारूपांचा मेळ घालून अंदाज काढतात, हे त्यांच्या कानावर गेलेलं दिसत नाही.

पंचांगातल्या नक्षत्रांच्या बेडूक-म्हैस वाहनांबद्दल न बोललेलं बरं. मृग दरवर्षी सात-आठ जूनलाच निघतो, पाऊस आला तरी आणि नाही आला तरी.

एप्रिल-मेचा आकडा धरणांच्या, धान्यसाठ्याच्या, पीकविम्याच्या आखणीला कामाचा. मूग-उडीद कधी टाकायचा हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज, मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला, आणि मूठभर माती दाबून बघितलेली ओल.